खोक्याची मागची बाजू : एक सूक्ष्माक्षरी अभ्यास

चेहऱ्याला लावायच्या कोणत्याही क्रीमच्या खोक्याला भूमितीच्या नियमाने सहा बाजू असल्या, तरी अभ्यासकाला त्यांपैकी दोनच पुरतात. पुढची बाजू कंपनी स्वखुशीने लिहिते आणि मागची बाजू कायदा तिच्याकडून लिहवून घेतो; त्यामुळे पुढे केशर, चंदन, संत्रे, कोरफड आणि क्वचित चोवीस कॅरेट सोने यांची रेलचेल असते, तर मागे त्याच क्रीमचा पहिला घटक पाणी असल्याची कबुली अशा अक्षरांत दिलेली असते, की ती वाचायला चष्म्याच्या नंबरापेक्षा चिकाटीच अधिक लागावी. या दोन बाजूंचे लेखक एकाच इमारतीत बसत असतील. पण त्यांचे आपसात बोलणे असल्याचा कोणताही पुरावा खोक्यावर आढळत नाही.

मागच्या बाजूच्या छपाईचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ट्यूब चंदेरी असेल तर घटकद्रव्यांची यादी पांढऱ्या अक्षरांत छापायची, ट्यूब पांढरी असेल तर फिकट राखाडी अक्षरांत छापायची, आणि यादीचा शेवट जिथे येतो तिथेच ट्यूब चपटी करून तिचे तोंड बंद करायचे, म्हणजे शेवटची चार नावे त्या दाबलेल्या पट्टीत कायमची विसावतात. एवढे करूनही एखादे नाव वाचता येईलसे वाटले, तर त्यावर बॅच क्रमांकाचा शिक्का किंवा किमतीचे स्टिकर येऊन बसते. नागपुरातल्या सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात जिज्ञासू ग्राहक प्रथम ट्यूब हातभर लांब धरतो, मग चष्मा कपाळावर सरकवून ती नाकाजवळ आणतो, आणि अखेर मोबाइलने तिचा फोटो काढून तो दोन बोटांनी मोठा करू लागतो. अशा वेळी दुकानदाराची सहनशक्ती संपते.

“काय शोधून राहिले जी? एक्स्पायरी खाली आहे.”

“एक्स्पायरी नाही हो, आत काय आहे ते पाहतोय.”

“आत क्रीम आहे.”

या उत्तरात असत्य काहीच नाही, आणि खोक्याच्या पुढच्या बाजूवर छापलेल्या बहुतेक विधानांबद्दल तेवढेही म्हणता येत नाही.

भारतात सौंदर्यप्रसाधनांचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि डिसेंबर २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली होते. कायद्याच्या व्याख्येनुसार अंगाला चोळायची, त्यावर ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची, आणि त्यायोगे अंग स्वच्छ करणारी, सुंदर करणारी, आकर्षकता वाढवणारी किंवा रूप बदलणारी वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन होय. आकर्षकता कशी मोजायची हे कायदा सांगत नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे, कारण तसे सांगितले असते तर जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठी निरीक्षक नेमावे लागले असते आणि त्या जागांसाठी किती अर्ज आले असते याची कल्पनाही करवत नाही. घटकद्रव्यांबाबत मात्र नियम स्पष्ट आहे. एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी प्रमाणात असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. लग्नाच्या पंगतीत व्याही, मामा आणि आत्याचे यजमान यांचे पाट मानाप्रमाणे मांडले गेले, की उरलेल्या मंडळींनी हवे तिथे बसावे, तशीच ही व्यवस्था आहे. फरक इतकाच, की येथे मागून येऊन कोपऱ्यात टेकलेल्या पाहुण्याचाच फोटो लग्नपत्रिकेवर छापलेला असतो.

हा पाहुणा ओळखण्याची खूणही यादीतच सापडते. क्रीम नासू नये म्हणून तीत परिरक्षक, म्हणजे जंतू व बुरशी रोखणारे द्रव्य, घालतात. फिनॉक्सीइथेनॉल हे त्यांपैकी फार प्रचलित असून त्याची अनुज्ञेय मर्यादा एक टक्का आहे. यादीत हे नाव आले, की त्यामागून येणारे सारे काही एक टक्का किंवा त्याहूनही कमी आहे असे खुशाल समजावे, कारण नियमाने दुसरी शक्यता उरतच नाही. खोक्यावर पसाभर केशराचे चित्र असलेल्या क्रीममध्ये केशर बहुधा या नावाच्या पलीकडे, रंग आणि सुगंध यांच्या अलीकडे, अंग चोरून उभे असते. त्याच्या पुढच्या रांगेत पाणी, ग्लिसरीन, मेदयुक्त अल्कोहोले आणि सिलिकोन ही मंडळी ऐसपैस बसलेली असतात. ती वाईट नाहीत. कातडी मऊ ठेवण्याचे काम बहुतांशी तीच करतात, पण ग्लिसरीनचा फोटो घालून दिवाळीची भेटपेटी खपत नाही.

नागपूरच्या ग्राहकाच्या बाबतीत हा विनोद विशेष रंगतो, याचे कारण पुढच्या बाजूवरचे निम्मे पदार्थ त्याच्या घराबाहेरच पडलेले असतात. अंबिया बहाराची संत्री थंडीच्या तोंडावर कळमन्याच्या बाजारात ढिगाने उतरतात, मृग बहाराची त्यानंतर फेब्रुवारीपासून येतात, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या या फळाची साल वाळवून तिचे उटणे करण्याची रीत विदर्भातल्या घरांना शिकवावी लागत नाही. तरीही त्याच घरातील तरुण पिढी संत्र्याच्या फेसवॉशसाठी महिन्याच्या महिन्याला पैसे मोजते. त्या फेसवॉशच्या मागच्या बाजूवर जे वनस्पतिशास्त्रीय नाव आढळते, ते पुष्कळदा नागपुरी संत्र्याचे नसून परदेशी गोड संत्र्याचे असते. तेही सालीच्या तेलाच्या रूपाने, म्हणजे प्रामुख्याने वासासाठी. ‘क’ जीवनसत्त्वाच्या सीरमवर, म्हणजे थेंबाथेंबाने लावायच्या पातळ द्रावणावर, तर हमखास कापलेले संत्रे असते. पण हे जीवनसत्त्व उद्योगात ग्लुकोजपासून तयार होते आणि त्याची पद्धत १९३० च्या दशकातच रुळलेली आहे. कळमन्यात भाव पडला म्हणून सीरमचा भाव उतरल्याचे उदाहरण नाही.

“यात संत्रं किती आहे?” असे एखाद्या काकूंनी गोकुळपेठेत विचारले, तर उत्तर मिळते, “संत्रं बाहेर ठेल्यावर भेटते ना काकू. हे फेसवॉश आहे.”

कोळशाची कथा याहून हृद्य आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे शहराच्या उत्तरेला उभी आहेत. त्या परिसरातील गृहिणींनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर आणि मुलांच्या गालांवर बसलेली राख पुसण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. आता त्याच गृहिणींची नातवंडे चेहरा उजळावा म्हणून त्याला कोळसा फासतात. हा कोळसा सक्रियित, म्हणजे पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण केलेला असतो आणि बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो, हे खरे. परंतु “तोंडाला काळं कशाला फासून राहिली?” या आजीच्या प्रश्नाला नातीकडे असलेले उत्तर, “अगं आजी, डीटॉक्स,” हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात तग धरणारे नाही. तीन मिनिटांनी धुऊन टाकायच्या फेसाला शरीरातील विषे शोधून काढून बाहेर न्यायला वेळ कसा मिळतो, हा प्रश्न आजीने विचारला नाही, कारण तिला कुरड्या उचलायच्या होत्या.

उन्हाच्या बाबतीत नागपूरची आणि जाहिरातीची प्रकृती मुळातच जुळते, कारण अतिशयोक्ती दोघांनाही वर्ज्य नाही. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती, आणि तेवढ्यावर समाधान न मानता ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील एका स्वयंचलित हवामान केंद्राने थेट ५६ अंशांचा आकडा दाखवला. हवामान विभागाने पुढे संवेदकात बिघाड होता असे जाहीर केले. सौंदर्यप्रसाधनांच्या क्षेत्रात असा बिघाड झाल्याचे कोणी आपणहून जाहीर केल्याचे फारसे आढळत नाही. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या त्या नऊ होरपळणाऱ्या दिवसांत नागपूरकर डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा असा गुंडाळतो, की फक्त गॉगल दिसावा. सख्खा भाऊ सिग्नलवर शेजारी उभा राहिला तरी ओळख पटत नाही. या दुपट्ट्याखाली मात्र सनस्क्रीन लावलेले असते आणि त्याचा क्रमांक पन्नास असावा असा आग्रह असतो.

हा क्रमांक, ज्याला एसपीएफ म्हणतात, तो उन्हातील अतिनील ‘बी’ किरणांमुळे त्वचा लाल होण्यापासून मिळणारे संरक्षण मोजतो. तीस क्रमांकाचे सनस्क्रीन हे किरण सुमारे ९७ टक्के अडवते आणि पन्नासचे सुमारे ९८ टक्के. क्रमांकात वीसची उडी, संरक्षणात एका टक्क्याची आणि किमतीत बाजाराच्या मर्जीची, असा हा हिशेब आहे. पुन्हा प्रयोगशाळेत हा क्रमांक ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने थर देतात, म्हणजे चेहरा व मान यांसाठी तर्जनी आणि मधले बोट भरून क्रीम लागते. प्रत्यक्षात मध्यमवर्गीय घरात ते वाटाण्याएवढे घेतले जाते, आणि त्यातील उरलेले हातांना लागते. चेहऱ्याला एका वेळी सव्वा ग्रॅम आणि दिवसातून तीनदा हा हिशेब धरला, तर पन्नास ग्रॅमची ट्यूब एका माणसाला जेमतेम पंधरवडाभर पुरेल. परंतु नागपुरात अशी ट्यूब चार माणसांच्या कुटुंबाला दोन उन्हाळे पुरल्याची, आणि अखेरीस कात्रीने कापून आतून पुसून घेतल्याची उदाहरणे घरोघर सापडतात. येथे फसवणूक कंपनीने केली की ग्राहकाने, हे ठरवणे सोपे नाही.

एवढ्यावरून नागपूरचा या विषयाशी संबंध केवळ ग्राहकापुरता आहे असा समज होऊ नये. क्रीम म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयापर्यंत झालेला प्रवास नागपूरच्याच नावाने नोंदलेला आहे. नागपुरात किराणा दुकान चालवणारे केशव विष्णू पेंढरकर मुंबईला गेले आणि त्यांनी १९५२ साली विको ही आयुर्वेदिक उत्पादनांची कंपनी सुरू केली. दंतमंजनानंतर १९७० च्या दशकात तिने हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल असलेले क्रीम बाजारात आणले. त्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांवर उत्पादन शुल्क जबर होते आणि आयुर्वेदिक औषधांना सवलत होती. त्यामुळे हे क्रीम सौंदर्यप्रसाधन आहे असे सरकारचे म्हणणे पडले, आणि ते औषध आहे असे कंपनीचे. हा वाद सुमारे पाव शतक चालला. दरम्यान कंपनीने एक अपूर्व गोष्ट केली : आपले उत्पादन कॉस्मेटिक नव्हे, हे विधान तिने जाहिरातीच्या गाण्यातच घालून टाकले. करविषयक युक्तिवादाला चाल लावून तो चित्रपटगृहांत आणि १९८४ साली दूरदर्शनवर गाजलेल्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेच्या सोबतीने घराघरांत पोहोचवण्याचा असा दुसरा प्रयोग जगाच्या करव्यवस्थेच्या इतिहासात शोधूनही सापडायचा नाही. पंगतीला बसलेली पोरे शुल्कवर्गीकरणाचा वादग्रस्त मुद्दा तालासुरात म्हणत होती, आणि पडद्यावर मात्र लग्नघर, नववधू आणि तिची उजळ कांती झळकत होती.

‘केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त, नागपूर विरुद्ध विको लॅबोरेटरीज’ या खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि तो २००५ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. त्यानंतर लगेचच २००६ मध्ये ‘प्यूमा आयुर्वेदिक हर्बल विरुद्ध केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त, नागपूर’ या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने दोन कसोट्या मांडल्या. पहिली म्हणजे वस्तूतील घटक आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांत आहेत काय, आणि दुसरी म्हणजे सामान्य माणूस ती वस्तू औषध म्हणून ओळखतो काय. यातील सामान्य माणसाला साक्षीला बोलावण्याचा प्रघात नाही, आणि ते बरेच आहे. नागपूरच्या महाल भागातील एखाद्या सामान्य गृहस्थाला शपथेवर विचारले असते, तर त्याने प्रथम घरी विचारून सांगतो असे म्हटले असते आणि नंतर सांगितले असते, की मुरूम आला तेव्हा ते औषध होते, लग्नाला जाताना ते क्रीम होते, आणि पाहुण्यांच्या मुलाने अर्धी ट्यूब संपवली तेव्हा ती महागाची वस्तू होती.

या वादातून एक गोष्ट मात्र ग्राहकाच्या फायद्याची निघते. आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावे त्यांच्या प्रमाणासह द्यावी लागतात. सौंदर्यप्रसाधनाच्या यादीत नुसता क्रम असतो, आकडा नसतो. म्हणजे औषध म्हणून विकलेल्या क्रीमला हळद किती घातली हे सांगावे लागते, आणि सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेल्या क्रीमला हळदीचे चित्र काढून भागवता येते. सुगंधाचे तर त्याहून सोपे आहे. कित्येक द्रव्यांचे मिश्रण असले तरी यादीत त्याच्यासाठी एकच शब्द पुरतो. सासरच्या माणसांची नावे विचारल्यावर नव्या नवरीने “घरचेच आहेत सगळे” असे म्हणून मोकळे व्हावे, इतकी ही सोय प्रशस्त आहे.

पुढच्या बाजूवरील शास्त्रीय भाषेचाही येथे परामर्श घेणे आवश्यक आहे. ‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेले’ या विधानातून तपासणी झाली एवढेच कळते. निकाल काय लागला हे कळत नाही, आणि दहावीच्या गुणपत्रिकेच्या बाबतीत असे उत्तर कोणत्याही घरात खपवून घेतले गेले नसते. ‘अमुक इतक्या टक्के महिलांना फरक जाणवला’ या वाक्यापुढे एक तारका असते, ती तारका तळाशी उतरते, आणि तळाशी गेल्यावर समजते, की फरक यंत्राने मोजलेला नसून महिलांना विचारलेला आहे, आणि तोही क्रीम फुकट दिल्यानंतर. ‘केमिकल-फ्री’ या दाव्याबद्दल अधिक काय बोलावे? पाणी हेही रसायनच असल्यामुळे हा दावा तंतोतंत पाळायचा झाल्यास ट्यूब रिकामी विकावी लागेल. ‘हायपोअलर्जेनिक’, म्हणजे अंगावर पुरळ उठण्याचा संभव कमी असलेले, या शब्दाला काही अर्थ असावा म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली नियम केला. तेव्हा दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. शब्द मात्र राहिला, आणि अर्थाचा अडसर दूर झाल्यावर तो जगभर फिरला.

गोरेपणाच्या व्यापाराने या सर्वांवर कडी केली आहे. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली आणलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव जुलै २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाले, आणि पंचेचाळीस वर्षे गोरी होत असलेली त्वचा एका महिन्यात तेजस्वी होऊ लागली. दरम्यान इमामीने २००५ साली पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणले होते. घरातील क्रीम कोण संपवते या प्रश्नाचे जे उत्तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते, त्यावर प्रथमच कोणी कारखाना काढला. दिल्लीतील एका ग्राहकाने ते २०१३ साली ७९ रुपयांना घेतले, लावले, आणि आपण गोरे झालो नाही अशी तक्रार ग्राहक मंचाकडे केली. कंपनीच्या बचावाचा अभ्यास प्रत्येक विवाहित पुरुषाने करावा इतका तो परिपूर्ण आहे. क्रीम सांगितल्याप्रमाणे लावल्याचे सिद्ध झालेले नाही. नुसते क्रीम पुरत नाही, त्यासोबत सकस आहार, व्यायाम, चांगल्या सवयी आणि स्वच्छता लागते. शिवाय ते सोळा ते पस्तीस या वयातील निरोगी तरुणांसाठी आहे, असे सांगण्यात आले. आहार, व्यायाम आणि चांगल्या सवयी असलेल्या पस्तिशीच्या आतील निरोगी तरुणाला क्रीमची गरज का भासावी, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या अटी खोक्यावर कुठे आहेत, असे आयोगाने विचारले. त्या नव्हत्या. निकाल एकदा लागून, वरच्या आयोगाकडे जाऊन, पुन्हा खाली येऊन अखेर ९ डिसेंबर २०२४ रोजी जिल्हा आयोगाने साडेचौदा लाख रुपये ग्राहक कल्याण निधीत भरण्याचा आणि पन्नास हजार तक्रारदाराला देण्याचा आदेश केला. या अकरा वर्षांत तक्रारदार कंपनीने नेमून दिलेल्या वयोगटात राहिला होता की नाही, याचा उल्लेख बातम्यांत आढळत नाही.

एका ठिकाणी मात्र हसणे आवरावे लागते. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना विकार जडला, आणि ब्यूटिशियनकडून मिळालेल्या गोरेपणाच्या क्रीमची मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा सापडला. डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत राहून गेलेल्या पाऱ्यालाही दहा लाखांत एक भाग एवढीच मुभा नियमांत आहे. अशा निनावी डबीला मागची बाजूच नसते.

राहता राहिला ग्राहक. तो स्वतःस अत्यंत चिकित्सक समजतो, आणि आपण जाहिरातींना भुलत नाही याविषयी त्याची खात्री असते. धरमपेठेतील कोणत्याही बैठकीत हा संवाद ऐकू येतो :

“मी नाही बाई जाहिरात पाहून घेत. मला शेजारच्या वहिनींनी सांगितलं.”

“आणि वहिनींना कोणी सांगितलं?”

“त्यांनी जाहिरात पाहिली.”

अलीकडे वहिनींची जागा मोबाइलवरील तरुण मार्गदर्शकांनी घेतली आहे. त्यांनी पैसे घेऊन शिफारस केली असल्यास तसे स्पष्ट सांगावे, अशी सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढली, आणि तेव्हापासून ते तसे सांगतातही. परंतु ग्राहक त्याचा अर्थ “एवढी मोठी कंपनी हिला पैसे देते, म्हणजे क्रीम चांगलेच असणार” असा लावतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये असायला हवा, आणि फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत, पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. कायदा एवढा पुढे गेला असताना ग्राहक मात्र ट्यूबचे खोके दुकानाच्या पायरीवरच फाडून फेकतो, पावती पाकिटात ठेवतो, आणि पाकीट पँटीबरोबर धुवायला टाकतो. मग क्रीमने पुरळ उठल्यावर घरभर एकच गोंधळ माजतो. सासूबाई हळद लावायला सांगतात, सून ती खोक्यावर होतीच असे सांगते, आणि गृहस्थ वाटाण्याएवढे जास्त लावले असेल असा निष्कर्ष काढून पेपर वाचू लागतात.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की खरेदीपूर्वी खोके उलटे धरावे, पहिली पाच नावे वाचावीत, चित्रातला पदार्थ फिनॉक्सीइथेनॉलच्या अलीकडे आहे की पलीकडे ते पाहावे, आणि खोके नसलेली डबी कितीही ओळखीच्या हातून आली तरी परत करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. यादीतील कोणत्याही घटकाच्या नावापेक्षा तो पाठ करायला सोपा आहे. पावती जपावी, आणि ट्यूब संपेपर्यंत खोकेही फेकू नये, कारण तक्रार करायची वेळ आली, तर पुरावा म्हणून लागते ती त्याची पुढची बाजू.